न मोजलेले पाय

"एकसुद्धा मेलेली नाही! एकसुद्धा नाही!" झाडाखाली उताणा पडून वर बघत तूरे ओरडला. "ओइवा, तुझ्या अळ्या मजेत जेवतायत!"

"माझ्या कसल्या रे?" ओइवा फणकारला. "नीट बघ. फवारणीला पाच दिवस झालेत. सुस्त तरी झाल्या असतील."

"सुस्त? अरे, ही बाई आत्ता माझ्या नाकावर शिटली!"

तूरेची बहीण साइमी खो खो हसत सुटली. ओइवाला मात्र हसू आलं नाही. त्याने एक फांदी वाकवून डोळ्यांजवळ आणली. पाइनच्या हिरव्या सुया, त्यांच्यामधून झिरपणारं ऊन, आणि बाकी काही नाही. मग एक सुई हळूच पुढे सरकली. पाठीवर पांढऱ्या रेघा असलेली, अगदी सुईच्याच रंगाची अळी होती ती. तिच्याशेजारी आणखी एक. खाली आणखी तीन. सगळ्या धडधाकट!

कोर्पिसाल्मी गावाच्या मागच्या टेकडीवर ही कोवळी पाइनची झाडं होती. ओइवा जन्मला त्या वर्षी वादळाने टेकडीवरचं जुनं जंगल आडवं केलं होतं, आणि सगळ्या गावाने मिळून ही रोपं लावली होती. आता ती माणसाच्या डोक्यावर गेली होती. आणि या जुलैत त्यांचे शेंडे सोडून खालच्या फांद्या तपकिरी, बोडक्या दिसायला लागल्या होत्या.

दहा दिवसांपूर्वी गावसभा भरली, तेव्हा ओइवाची छाती दोन बोटं फुगली होती. तो शाळेच्या निसर्ग-स्पर्धेत जिल्ह्यात पहिला आलेला! गावसभेचे अध्यक्ष तेउवोकाका, ज्यांचं धक्क्यावर दुकान होतं, त्यांनी एक फांदी टेबलावर ठेवून म्हटलं होतं, "प्रयोगशाळेकडे नमुना पाठवलाय, पण ते लोक सावकाश उत्तर देणार. आपल्याकडे घरचाच तज्ज्ञ आहे! काय ओइवा, कसली अळी ही?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. ओइवाने अळीकडे जेमतेम नजर टाकली. हिरवी, पांढऱ्या रेघांची. भिंग घरी राहिलं होतं. "पाइनच्या पतंगाची," तो ठामपणे म्हणाला.

तेव्हा मागच्या बाकावरून हिल्मा म्हणाली होती, "पाय मोजलेस?"

हिल्मा त्याच्याच वर्गातली. स्पर्धेत दुसरी आलेली. बोलायची कमी, वहीत किड्यांची चित्रं काढत बसायची. तिच्या त्या एका प्रश्नाने ओइवाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाय मोजायचेत ना तुला? मग या खोलीतल्या खुर्च्यांचे मोज! प्रत्येकीला चार आहेत, तुला जमेल!"

सगळी सभा हसली. हिल्माने वही मिटली आणि ती निघून गेली. ओइवाही हसला होता. सगळ्यांत मोठ्याने.

आणि आता या अळ्या मजेत जेवत होत्या.

"चला, हिल्माला विचारू," साइमी म्हणाली.

"तिला कशाला?" ओइवा म्हणाला.

"कारण तिला किडे कळतात. आणि तुला… जाऊ दे."

हिल्मा टेकडीच्या पलीकडच्या टोकाला सापडली, एका झाडापाशी, गवतात गुडघे टेकून. त्या झाडाच्या फांदीवर पातळ पांढऱ्या कापडाची पिशवी बांधलेली होती. पिशवीचं तोंड सोडलेलं होतं. हिल्माने मान वर केली नाही.

"काय झालं गं?" साइमीने वाकून विचारलं.

पिशवीत फांदीला लटकून काहीतरी काळं, मऊ लोंबत होतं. एक नव्हे, अकरा.

"माझे पाइन-गरुड," हिल्मा म्हणाली. गरुड म्हणजे मोठा करडा पतंग, त्याच्या या अळ्या. "जूनमध्ये अंडी सापडली होती. चार वेळा कात टाकली त्यांनी. रोज मोजत होते मी." तिने एका अळीला काडीने हळूच स्पर्श केला. ती तुटून खाली पडली.

ओइवा एक पाऊल मागे सरला. कारण ही पिशवी त्याला ठाऊक होती. आठवडाभर आधीच त्याने ती बघितली होती. आणि फवारणीच्या सकाळी तेउवोकाकांनी त्याला ट्रॅक्टरवर शेजारी बसवून, स्टिअरिंगही हातात देऊन विचारलं होतं, "काय रे तज्ज्ञ, या भागात फवारू नये असं काही आहे का? कुणाचं काही ठेवलेलं वगैरे?"

स्टिअरिंग ओइवाच्या हातात होतं. पिशवीचं सांगितलं तर ट्रॅक्टर थांबणार, हिल्माला बोलावणार, ती पुन्हा पायांचं काढणार. तो म्हणाला होता, "काही नाही. चला!"

"तेउवोकाकांना दिसली नसेल पिशवी," हिल्मा डोळे पुसत म्हणाली. "ट्रॅक्टरवरून कसं दिसणार? मीच जाऊन सांगायला हवं होतं. पण सभेनंतर मला कुणाशी बोलावंसंच वाटेना." मग तिने पहिल्यांदा ओइवाकडे बघितलं. "तू होतास का त्या दिवशी त्यांच्याबरोबर?"

"मी? नाही… मी उक्कीकडे होतो. आजोबांच्या मधाच्या पेट्यांपाशी."

शब्द तोंडातून निघाले आणि ओइवाचे कान तापले. तूरेने त्याच्याकडे चमकून बघितलं. त्या दिवशी ट्रॅक्टरवरून ओइवाने त्याला हात हलवला होता!  पण त्याने फक्त नजर वळवली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

हिल्मा मात्र अचानक ताठ बसली. "थांबा! एकच औषध, एकच दिवस. माझ्या अळ्या मेल्या. शेजारच्या फांदीवरच्या जिवंत आहेत. असं कसं?"

"त्या दणकट असतील," तूरे म्हणाला.

"किंवा त्या वेगळ्याच कुणीतरी आहेत!" हिल्माने खिशातून भिंग काढलं, शेजारच्या फांदीवरची एक अळी तळहातावर घेतली आणि उताणी केली. "पुढच्या तीन जोड्या सोडा, त्या सगळ्यांनाच असतात. पोटाखालचे मऊ पाय मोज, साइमी."

"एक, दोन, तीन… अगं वळवळतेय… सहा, सात, आठ. आठ जोड्या!"

"आता ही." तिने एक मेलेली काळी अळी अलगद उलटी केली.

"पाच."

"फुलपाखरं असोत की पतंग, त्यांच्या अळ्यांना पोटाखाली पाचच्या वर जोड्या नसतातच. या आठवाल्या पतंगाच्या नाहीतच! करवतमाशीच्या आहेत. माशी पोटाच्या टोकाशी असलेल्या करवतीने सुईला चीर पाडते आणि आत अंडी घालते. आपलं औषध फक्त पतंगांच्या अळ्यांना लागू पडतं."

 ओइवा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. भिंग घरी राहिलं होतं. घर चार मिनिटांच्या अंतरावर होतं.

तेवढ्यात खालून घंटेसारखा खणखणीत आवाज आला. तेउवोकाका दुकानाच्या पायरीवर उभे राहून कुणाला तरी सांगत होते, "शनिवारी! सगळ्यांनी यायचं! या वेळी असं जहर आणलंय की टेकडीवर मुंगीसुद्धा उरणार नाही!"

"मुंगीसुद्धा?" साइमीचे डोळे विस्फारले. "आणि उक्कीच्या मधमाश्या? आणि बेरी? आणि तळं?"

"पळा!" तूरे म्हणाला.

चौघं धावतच दुकानात शिरले. हिल्माने एका दमात सगळं सांगितलं. तेउवोकाका खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. त्यांनी हातही थांबवला नाही.

"पाय? पोरी, गावाचं जंगल मरायला टेकलंय आणि तू पाय मोजतेस? शिवाय या आपल्या तज्ज्ञानेच तर सांगितलं पतंग म्हणून. काय ओइवा?"

ओइवाने तोंड उघडलं. "मी… म्हणजे… कदाचित…"

"बघा! त्याला अजून तसंच वाटतंय!" तेउवोकाका हसले. "जा, पोहायला जा. सुट्टी संपत आली तुमची."

"प्रयोगशाळेचं उत्तर आलं का, काका?" साइमीने विचारलं.

"नाही ना! सांगितलं होतं मी, सावकाश लोक!"

तूरेला तेवढ्यात तहान लागली. तूरेला दुकानात आलं की नेहमीच तहान लागते. थंड सरबतासाठी त्याने फ्रिज उघडला आणि आतच डोकं घालून उभा राहिला.

"ओइवा," तो हळूच म्हणाला. "इकडे ये. गुपचूप."

गळाला लावायच्या गांडुळांच्या डब्यांमागे, मिठातल्या हेरिंग माशांच्या बरणीला चिकटून, एक पाकीट होतं. वर प्रयोगशाळेचा पत्ता. वर तिकीट लावलेलं. टपालाचा शिक्का मात्र नव्हता.

नमुना गावाबाहेर गेलाच नव्हता!

बाहेर धक्क्यावर चौघं लाकडी फळ्यांवर पाय सोडून बसले. तूरेने गुपचूप उचलून आणलेलं पाकीट हातात घेऊन साइमी फणफणत होती. "आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगू या! अध्यक्ष म्हणे! पाकीट फ्रिजात विसरतात!"

"आपलं कोण ऐकणार?" तूरे म्हणाला. "आत्ता बघितलंस ना?"

"मी त्या प्रयोगशाळेला फोन करते," साइमी म्हणाली. "पाकिटावर नंबर आहे."

फोनवर आउने नावाच्या बाई होत्या. हिल्माने त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी सात-आठ प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "खरंच आठ जोड्या असतील तर माझ्या येण्याआधी एक थेंबही फवारू देऊ नका. त्या जहराने मुंग्या मरतील, आणि या अळ्यांना खाणारे मुख्य शिकारी तर त्याच. सोमवारी पोचते मी."

"सोमवारी!" तूरेने कपाळाला हात लावला. "आणि जहर शनिवारी!"

 आता ओइवा म्हणाला, "त्यांना आपण सांगायचंच नाही. त्यांनाच मोजायला लावायचं. तेउवोकाकांना पैज फार आवडते. आणि तूरे, तुझ्या आईच्या हातचा ब्लूबेरी केकही."

हिल्माने त्याच्याकडे थोडं आश्चर्याने बघितलं. "चांगली कल्पना आहे," ती म्हणाली. त्या तीन शब्दांच्या कौतुकाने ओइवाला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तो उठून पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

शनिवारी टेकडीच्या पायथ्याशी सगळं गाव जमलं. कॉफीच्या मोठ्या किटल्या, वेलचीचे गोड पाव, डास, आणि ट्रॅक्टरवर निळं पिंप. ओइवाचे आजोबा, त्याचे उक्की, मधमाश्यांच्या पेट्या ओल्या गोणपाटांनी झाकून आले होते आणि कुणाशी बोलत नव्हते.

"थांबा, थांबा!" तूरे एका खोक्यावर चढला. "काम सुरू करायच्या आधी एक स्पर्धा! प्रत्येकाला एक फांदी, पाच मिनिटं. जो सगळ्यात जास्त अळ्या शोधेल त्याला हा अख्खा केक!"

"अख्खा?" तेउवोकाकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "द्या इकडे फांदी!"

पाच मिनिटं मोठी माणसं फांद्यांत नाकं खुपसून बसली होती. कुणी चष्मा वर केला, कुणी खाली. "इथे काही नाहीच!" "ही सुई आहे की अळी?" "सुई आहे, सोड!" वेळ संपला तेव्हा बहुतेकांकडे चार-पाच होत्या. तेउवोकाकांकडे सात, आणि त्यातली एक खरोखर सुईच निघाली.

"काका, आता तुमची हीच फांदी हिल्माला द्या," साइमी म्हणाली. "तुम्ही शोधून झालेली!"

"तिच्यात आता काय उरलंय?"

हिल्माने फांदी उन्हासमोर धरली. "अळीला शोधायचंच नसतं," ती हळू आवाजात म्हणाली, आणि तिला ऐकायला लोक जवळ सरकले. "कुरतडलेली सुई शोधायची. तिच्या खालच्या सुईवर लेंड्या असतात. म्हणजे ती वर कुठेतरी, सुईला समांतर पडलेली असते. ही एक. ही दुसरी."

तेउवोकाकांच्या फांदीतून तिने आणखी एकोणीस काढल्या! लोकांनी टाळ्याच वाजवल्या.

"माझ्याच नाकासमोर होत्या की सगळ्या," तेउवोकाका कुरकुरले. "बरं, केक तिचा."

"काका, एकच शेवटची पैज," तूरे म्हणाला. "हे भिंग घ्या. या अळीला पोटाखाली मऊ पायांच्या किती जोड्या? मोठ्याने मोजा, म्हणजे कुणी फसवलं म्हणणार नाही."

"त्यात काय!" तेउवोकाकांनी डोळा बारीक केला. "एक… दोन… तीन… चार… पाच… सहा… सात… आठ. आठ!"

"नक्की?"

"अरे, आंधळा आहे का मी? आठ!"

"मग हे वाचा." साइमीने पहिल्या औषधाची रिकामी बाटली पुढे केली. "मागच्या बाजूचं. बारीक अक्षरातलं."

तेउवोकाकांनी वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "'केवळ फुलपाखरे व पतंग यांच्या अळ्यांसाठी. पोटाखाली पाचपेक्षा अधिक जोड्या असलेल्या अळ्यांवर… परिणाम होत नाही.'"

 मग साइमीने पाकीट वर धरलं. "आणि हे तुमच्या फ्रिजात होतं. गांडुळांच्या मागे."

"तेउवो!" उक्कींचा आवाज कडाडला. "मधमाश्या झाकायला लावल्यास तू मला! आणि पत्र फ्रिजात?"

तेउवोकाका लालबुंद झाले. "सगळं माझ्याच डोक्यावर का? मी विचारलं होतं! सभेत विचारलं, कसली अळी म्हणून. फवारताना विचारलं, इथे कुणाचं काही आहे का म्हणून. तेव्हा मला याने…"

ते थांबले. त्यांची नजर ओइवावर गेली, त्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर, आणि त्यांनी वाक्य गिळलं. "जाऊ दे. चूक माझी."

इथेच संपलं असतं. कुणी काही विचारलंही नसतं. तूरे जमिनीकडे बघत होता. हिल्मा शांतपणे अळ्या डबीत भरत होती.

"मी," ओइवा म्हणाला. तो एक पाऊल पुढे आला. "मी सांगितलं त्यांना. सभेत मी अळीकडे नीट बघितलंही नाही. पहिला आलो होतो ना, म्हणून. हिल्माने विचारलं तर तिची टिंगल केली. आणि फवारणीच्या दिवशी मी ट्रॅक्टरवर होतो. पिशवी मला माहीत होती. काकांनी विचारलं तेव्हा मी काही नाही म्हटलं, कारण… कारण मला ट्रॅक्टर चालवायचा होता." त्याने हिल्माकडे बघितलं. "नंतर हिल्माने विचारलं तेव्हा खोटं बोललो."

हिल्माचा हात डबीवर थांबला.

"उक्कीकडे होतास म्हणालास," ती म्हणाली.

"हो."

"मी तीन दिवस स्वतःलाच बोल लावत होते, ओइवा. आपण सांगायला गेलो नाही म्हणून."

ओइवाला वाटलं, तिने ओरडावं, डबी फेकून मारावी. तिने तसलं काहीच केलं नाही. तिने डबीचं झाकण लावलं आणि त्याच्याकडे पाठ केली. त्याच्या डोळ्यांसमोर ते काळं, लोंबणारं काहीतरी आलं, अकरा वेळा.

निळं पिंप त्या दिवशी उघडलंच नाही.

सोमवारी आउनेबाई आल्या. उंच रबरी बूट, पाठीवर पिशवी. त्यांनी दोन तास टेकडी पालथी घातली, हिल्माची वही पानन् पान बघितली, आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, "करवतमाशीच. झाडं जगतील, कारण शेंडे आणि नव्या सुया शाबूत आहेत. पण जहर नको. चादरी अंथरा, काठ्यांना कापड गुंडाळा आणि झाडं हलवा. पडतील त्या गोळा करा. उरलेल्यांचं मुंग्या आणि पक्षी बघतील."

आणि मग गावाला नवाच उद्योग लागला! रोज सकाळी जुन्या चादरी घेऊन माणसं टेकडीवर जायची. धप, धप, धप, आणि चादरीवर हिरवा पाऊस! तेउवोकाका सगळ्यांत पहिले हजर असायचे आणि दुकानातली कॉफी फुकट पाजायचे. एखादी सुटलेली फांदी दिसली की "हिल्मा! ए हिल्मा, जरा इकडे बघ बाळ!" अशी हाक त्यांचीच असायची.

ओइवा रोज जात होता. चादरीचं सगळ्यात जड टोक तो धरायचा, बादल्या तोच वाहायचा. तूरे त्याच्याशी आधीसारखा बोलायला लागला, दुसऱ्या दिवसापासूनच. साइमीला चार दिवस लागले. हिल्मा कामापुरतं बोलायची. "वर उचल." "डावीकडे." बस. ओइवाला एकदा वाटलं, जाऊन तिची माफी मागावी. मग लक्षात आलं की माफी मागून आपल्यालाच हलकं व्हायचंय, तिला काय? तो बादली उचलून चालू लागला.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी गावसभेच्या खोलीत पुन्हा सगळे जमले. आउनेबाईंचं पत्र आलं होतं. तेउवोकाकांनी ते उभं राहून वाचलं, एकही ओळ न गाळता.

"'तीस वर्षं मी हे काम करते आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या वहीत इतकी अचूक निरीक्षणं मी पाहिली नव्हती. कोर्पिसाल्मीची टेकडी हिल्मामुळे वाचली. साइमी, तूरे आणि ओइवा यांनी मोठ्यांना मोजायला लावलं, हेही काही लहान काम नव्हे.'"

टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. तूरेने उठून चक्क लवून मुजरा केला. उक्कींनी ओइवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून म्हणाले, "सगळ्यांसमोर कबूल केलंस. त्याला धैर्य लागतं. अभिमान वाटला मला."

ओइवाचा चेहरा पुन्हा तापला. तो म्हणाला, "उशिरा केलं, उक्की."

आजोबांनी त्याच्याकडे बघितलं. 'नाही रे' असं ते म्हणाले नाहीत. "हो, उशिरा केलंस," ते म्हणाले, आणि हात खांद्यावरच राहू दिला.

लोक बाहेर पडले. पायऱ्यांवर हिल्मा बुटाची नाडी बांधत होती. ओइवा बाजूने निघून जायला लागला.

"ओइवा."

तो थांबला.

"मी ते विसरणार नाहीये," ती नाडीकडेच बघत म्हणाली. "आत्ता तरी नाही."

"माहितीये."

"उत्तरेकडच्या झाडांच्या चार ओळी राहिल्यात. शाळेच्या आधी होतील. उद्या सकाळी सहाला मी तिथे असेन." ती उठली. "चादर एकट्याने धरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती टेकडीवर पोचली तेव्हा पहिल्या झाडाखाली चादर अंथरलेली होती. एक टोक ओइवाने हातात धरलं होतं आणि दुसरं सुरकुती काढून तिच्यासाठी मोकळं ठेवलं होतं.